शेवंतीच्या नावाखाली बिजली

माझ्या मेहुण्याने मला फसवलं. शेवंतीचं बी म्हणून त्याने मला बिजलीचं बी दिलं आणि बदल्यात माझ्या चार चांगल्या लाकडी पेट्या नेल्या. नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडची गोष्ट. पेट्यांचं एव्हाना सरपण झालं असेल. त्याचे केस पिकले, माझे गळाले. पण फसवणूक जुनी झाली म्हणून ती माफ होत नाही.

ज्यांचा फुलांच्या बाजाराशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो. बिजली म्हणजे देवळाबाहेरच्या स्वस्त हारात असतं ते पिवळं किंवा पांढरं फूल. शेवंतीसारखंच दिसतं, पण लांबून. शेवंती ही घरातली थोरली सून, बिजली ही शेजारची पोर. पेरली की येते, थंडीभर फुलते, ऊन तापलं की मरून जाते. बाजारात शेवंतीला जो मान आहे तो तिला नाही. हे मला आज माहीत आहे. तेव्हा माहीत नव्हतं, आणि माझ्या मेहुण्याला ते पक्कं माहीत होतं.

मला फसवणं सोपं नाही, हेही इथेच सांगून टाकतो. मी हरसूलकडचा. वडिलांची जमीन डोंगरउतारावरची, तिच्यात घरापुरती नागली, म्हणजे नाचणी, व्हायची. सतराव्या वर्षी नाशिकला आलो आणि तिथल्या द्वारका चौकात एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात माल उतरवू लागलो. तिथे पाहिलं, मोठ्या मशिनी ज्या लाकडी खोक्यांतून येतात ती खोकी फोडून लोक शेकोटी करतात. मी ती मागून आणायचो, खिळे उपटायचो, हातोडीने सरळ करायचो. फळ्या वेगळ्या आणि खिळे वेगळे विकायचो. पुढे अंबड-सातपूरच्या कारखान्यांतून रिकामी खोकी घाऊक उचलायला लागलो. द्वारकेलाच लाकडाचं दुकान टाकलं, टाकळी रोडला घर बांधलं, मागे गोदाम काढलं. हे सगळं मी भाव करून उभं केलं आहे. भाव करण्याचा माझा एकच नियम होता : समोरचा ‘नाही’ म्हणाला की ते ‘अजून थोडं ताणा’ असं समजायचं. या नियमाने मला घर दिलं. या नियमानेच माझा घातही केला.

बायको मखमलाबादच्या फुलवाल्या घरातली. सासरे लवकर गेले. सासूबाई आणि मेहुणा मिळून शेती बघायचे. मेहुणा बायकोपेक्षा दोन वर्षांनी धाकटा, आवाज मऊ, चेहरा देवळातल्या पुजाऱ्यासारखा. असा माणूस दिसला की मी पाकीट चाचपतो, पण हा बायकोचा भाऊ पडला.

त्या वर्षी दसऱ्याला तो दुकानात पांढऱ्या शेवंतीची पाटी घेऊन आला. मी हार घालून घेतले, चहा पाजला आणि सहज म्हणालो, “एवढीशी फुलं, पण तुमचा थाट काय! माझ्या घरामागे अर्धा गुंठा मोकळा पडलाय. मनात आणलं तर मीही काढीन शेवंती.”

तो हसला. “दाजी, खोकी उघडायची येगळी, माती उघडायची येगळी.”

बस. एवढंच वाक्य. मी उठलो, दुकान बंद केलं आणि त्याच्याच मोटारसायकलवर मागे बसून मखमलाबादला गेलो. बायकोला वाटेत घरून घेतली नाही, ती आधीच सणाला माहेरी गेलेली होती. ओट्यावर सासूबाईंसमोर मी जाहीर केलं की माघात धाकट्या मेहुणीचं लग्न आहे, त्या लग्नात बायकांच्या वेण्यांना लागणारी पांढरी शेवंती माझ्या घरामागून येईल.

“आणि नाय आली तर?” मेहुण्याने विचारलं.

“नाही आली तर तू म्हणशील ते.”

त्याने जरा विचार केला. “मग पंगतीत वाढायचं. खांद्यावर पंचा टाकून.”

सासूबाईंनी कपाळाला हात लावला. “काय बोलतो रं तू? जावयाला वाढायला लावतो व्हय? लोक शेण घालतील तोंडात.”

आमच्याकडे जावई पंगतीत बसतो, त्याला आग्रह करतात, त्याच्या ताटाभोवती रांगोळी काढतात. जावयाच्या हातात भाजीची बादली देणं म्हणजे त्याला मांडवाबाहेर काढण्यासारखंच. आणि माझं त्या घरात जे काही होतं ते त्या मानावरच. माझ्यामागे शेती नाही, भावकी नाही, हमाल म्हणून या शहरात आलेला माणूस. त्या घराने मला मुलगी दिली आणि ताटाभोवती रांगोळी दिली. ती रांगोळी मी पणाला लावली. रागाच्या भरात मी याहून मोठ्या गोष्टीही लावल्या असत्या.

“आणि मी जिंकलो,” मी म्हणालो, “तर तू भर पंगतीत उभा राहून सांगायचं, की दाजी आमच्यापेक्षा भारी शेतकरी आहेत.”

“कबूल.”

आता रोपांचा प्रश्न आला. शेवंतीच्या जुन्या झाडाच्या बुडाशी धुमारे फुटतात, ते काढून लावायचे असतात. मेहुणा म्हणाला की त्याचा हंगाम उन्हाळ्याच्या शेवटी, आता लावलं तरी माघात फुलं येतील असं नाही. मी ते ‘अजून थोडं ताणा’ असं ऐकलं. म्हणालो, “धुमारे राहू दे तुझे. बी दे.”

“दाजी, शेवंतीचं बी नसतं.”

“फूल आहे ना? मग बी आहे. मला शिकवतो काय?”

“आवो, आम्ही बियापासनं करत नाय. आक्काला इचारा.”

माझी बायको दाराशी उभी होती. तिने तोंड उघडलं, आणि मी हात वर केला. माझे शब्द मला नीट आठवतात, कारण पुढे ते मला पुष्कळदा ऐकवले गेले. मी म्हणालो, “तू मध्ये बोलायचं नाही. हा माझा आणि त्याचा व्यवहार आहे. शेवटपर्यंत मध्ये बोलायचं नाही.”

ती आत निघून गेली.

मेहुण्याने माझ्याकडे पाहिलं. मग त्याच्या त्या पुजाऱ्यासारख्या चेहऱ्यावर एक समाधान पसरलं. तो कोठीच्या खोलीत गेला आणि जुन्या कापडाची एक पुरचुंडी घेऊन आला. आत मूठ-दीड मूठ बी. कंगोरेदार, मातकट, चिमुकलं.

“घ्या. कुणाला सांगू नका. पण मोकळं नाय देणार. त्या पाइनच्या पेट्या हायेत ना तुमच्याकडं, फुलं भरायला ब्येस. आठ द्या.”

मी चारवर आणलं. परत येताना मी इतका खूश होतो की बसमध्ये अनोळखी माणसाला सांगितलं, आज मी एकाकडून त्याचं गुपित काढून घेतलं.

म्हणजे त्याने मला आधी खरं सांगितलं होतं, हे मी कबूल करतो. एकदा सरळ आणि एकदा बहिणीचा हवाला देऊन. पण तिसऱ्यांदा त्याने पुरचुंडी आणून दिली. तुम्ही तिसरी गोष्ट बघा.

त्यानंतरचे तीन महिने माझ्या आयुष्यातले फार चांगले दिवस होते, हे सांगायला मला अजून राग येतो.

मी घरामागची जागा स्वतः खणली. मातीत लाकडाचा भुसा, वाकडे खिळे, बाटल्यांची झाकणं निघाली. खिळे मी सरळ करून ठेवले, सवय. जुनं शेणखत मिसळलं, वाफे बांधले, बी वाळूत कालवून ओळींत टाकलं, वर बोटाच्या पेराइतकीही माती घातली नाही, नुसती भुरभुरवली. झारीने पाणी. सकाळी दुकानात जाण्याआधी आणि संध्याकाळी आल्यावर. नवव्या दिवशी सकाळी पाहतो तर सगळ्या ओळी हिरव्या! माझ्या आईने मुलगा झाल्यावर काय केलं असेल ते मला माहीत नाही, मी मात्र तोंडात ब्रश तसाच ठेवून बायकोला हाका मारत सुटलो.

ती आली. खाली वाकली. पुष्कळ वेळ बघत राहिली. मग पदर तोंडाला लावून म्हणाली, “छान आलंय हं.”

“शेवंतीचं बी नसतं म्हणे!”

“हो ना,” ती म्हणाली, आणि दूध उतू जातंय म्हणून आत पळाली.

रोपं दाट झाली तेव्हा तीच बसून विरळणी करायची. वीतभर अंतरावर एक रोप ठेवून बाकीची उपटायची. तिचा हात इतका भराभर चालायचा की मी स्टूल घेऊन बघत बसायचो. पानं कातरलेली, गाजराच्या पाल्यासारखी पण जाड, मऊ. हात लावला की एक तीव्र वास यायचा, थोडा शेपूसारखा, थोडा औषधासारखा. नाशिकच्या थंडीत ती रोपं अशी तरारली की गल्लीतले लोक फिरायला म्हणून माझ्या घरामागून जाऊ लागले. मी सगळ्यांना सांगायचो, शेवंती. बियापासून. माझी स्वतःची पद्धत.

डिसेंबरमध्ये एका रविवारी दारात कारखान्याची गाडी थांबली. आतून ड्रायव्हर उतरला आणि त्याच्यामागे एक जपानी माणूस. कारखान्यात नवीन मशीन बसवायला आला होता, महिना-दीड महिन्यासाठी. ज्या खोक्यातून त्याची हत्यारं आली होती ते खोकं कारखान्याने इतर रिकाम्या खोक्यांबरोबर मला विकलं होतं. आता परत जायला त्याला तेच हवं होतं. गिऱ्हाईक अडलेलं, मालाला दुसरी जोड नाही. असा दिवस धंद्यात क्वचित येतो. मी हात चोळतच बाहेर आलो.

गोदामाकडे जायला वाफ्यांच्या कडेने जावं लागतं. जपानी पाहुणा चालता चालता थबकला. खाली बसला. एक पान खुडलं, बोटांत चुरडलं, नाकाशी नेलं. मग सरळ तोंडात टाकलं.

“अरे! अरे! त्यांना सांग, फूलझाड आहे ते,” मी ड्रायव्हरला ओरडलो.

ड्रायव्हरने हिंदी-इंग्रजीत काहीतरी सांगितलं. पाहुण्याने आणखी दोन पानं खाल्ली. मग तो ड्रायव्हरशी बोलला, हातवारे करून, वाफ्याकडे पुन्हा पुन्हा बोट दाखवत. ड्रायव्हर माझ्याकडे वळला. “शेठ, साहेब विचारतायत, तुम्ही यांच्या गावाकडची भाजी इथे कशी काय लावली?”

“भाजी?”

“त्यांची आई लावते म्हणतात. थंडीत रोज खातात.”

मी त्या माणसाकडे पाहिलं. तो वाफ्यात उकिडवा बसला होता, हातात पान, आणि डोळे भरलेले. महिनाभर कारखान्याच्या कॅन्टीनमधलं तिखट जेवून त्याचं पोट बिघडलेलं, हे ड्रायव्हरने मागाहून सांगितलं. मी डोंगरातला माणूस. आमच्याकडे आई रानात जाऊन जे आणायची ते आम्ही खायचो; कुठलं पान खातात, कुठलं दोनदा उकळून पाणी फेकून खातात, कुठल्याला हात लावायचा नाही, हे आम्हाला पाढ्यांआधी शिकवलेलं. घरामागचं एखादं पान ओळखून कुणी असं खाली बसलं की त्याला काय आठवतं हे मला कळतं. मी बायकोला हाक मारली.

ती बाहेर आली आणि जरा गोंधळली. मी म्हटलं, “हे शेवंतीचा पाला खातात म्हणे. कर काहीतरी.”

“शेवंतीचा?” ती म्हणाली. मग माझ्याकडे बघून, “बरं.”

त्या दुपारी आमच्या स्वयंपाकघरात तीन माणसांनी तीन भाषांत स्वयंपाक केला. पाहुण्याने कोवळे शेंडे खुडून दाखवले. उकळत्या पाण्यात नुसते बुडवून काढायचे, पिळायचे, वर भाजलेले तीळ. मग त्याने बोटांनी पीठ कालवल्याची खूण केली, पान बुडवल्याची, तेलात सोडल्याची. बायको हसून म्हणाली, “अगंबाई, भजी!” तिने बेसन काढलं, ओवा चुरला, तीळ घातले. पहिला घाणा निघाला. कुरकुरीत, आत पान अजून हिरवं, आणि तो शेपूसारखा वास तळल्यावर असा काही गोडसर झालेला की कारखान्याचा ड्रायव्हर, जो आतापर्यंत “मी उपाशी नाही” म्हणत दाराशी उभा होता, तो चुलीजवळ येऊन बसला. उरलेल्या पाल्याची बायकोने लसूण घालून पीठ पेरून भाजी केली. पाहुणा खात होता आणि मध्येच हसत होता, एकटाच.

जाताना त्याने वाफ्यात पुन्हा बसून मला शिकवलं. झाड उपटायचं नाही. चार बोटं बुडखा ठेवून वरचं कापायचं, पुन्हा फुटतं. कळी आली की पान कडू होतं, म्हणून त्याआधी. थोडं बी आता पुन्हा पेरा, म्हणजे हे संपेपर्यंत दुसरं तयार. आणि त्याने खिशातून एक छोटी काळी कात्री काढून माझ्या हातात ठेवली.

खोक्याचा भाव करायचा राहून गेला. तो पैसे काढत होता, मी हात मागे घेत होतो. धंद्यात उलटा भाव मी तेव्हाच केला, एकदाच.

साहजिकच मी दुसऱ्या दिवशी मखमलाबादला जाऊन सांगितलं. सासूबाई घरी होत्या, मेहुणा शेतातून येत होता. मी म्हणालो, “तुम्ही पिढ्यान्‌पिढ्या शेवंती लावता आणि नुसती हारात घालता. जपानमध्ये ती खातात. आम्ही काल खाल्ली.”

मेहुण्याच्या तोंडाचा रंग बदलला. मला वाटलं, हेवा.

“खरंच खाल्ली?” त्याने विचारलं.

“भजी केली, भाजी केली.”

“आक्कानं पण?”

“सगळ्यात जास्त तिनेच.”

तो पायऱ्यांवर बसला आणि पाणी प्यायला.

यापुढे काय झालं ते मला मागाहून सासूबाईंनी सांगितलं. जावई खातो म्हटल्यावर त्यांनी दुसऱ्या दिवशी आपल्या शेतातल्या खऱ्या शेवंतीचा पाला आणला आणि त्याची भाजी केली. शेवंतीचा पाला म्हणजे कडुलिंबाचा मावसभाऊ. त्यांना एक घास गिळवेना. पण मुलाच्या ताटात वाढली होती, आणि मुलगा काय म्हणणार? कडू आहे म्हणावं, तर दाजींनी कुठला पाला खाल्ला हा प्रश्न आला. त्याने ताटातली सगळी भाजी खाल्ली. सासूबाई म्हणाल्या, “आवडली व्हय? मग घे आजून.” त्याने आणखी घेतली. दोन दिवस त्याच्या तोंडाची चव गेली होती. माझ्या आयुष्यातली ही एक आठवण अशी आहे की आजारपणातही मला तिने बरं वाटतं.

संक्रांतीनंतर सासूबाई तिळगूळ घेऊन आमच्याकडे आल्या. मेहुणाच घेऊन आला, आणि त्याला आत यायचं नव्हतं, हे मी पाहिलं. त्याच सुमारास पहिल्या वाफ्यात कळ्या उमलायला लागल्या होत्या. फुलं पिवळी होती. मी शेवंती पांढरी मागितली होती, तेव्हा रंगात थोडी गडबड झाली असेल असं मी स्वतःला दोन दिवस समजावत होतो.

सासूबाई वाफ्याजवळ उभ्या राहिल्या. त्यांचा चेहरा फुलला. “जावईबापू! काय झक्कास आलीय बिजली! हात हाय तुमचा.” मग इकडे तिकडे पाहून, “आणि शेवंती कुठं लावली?”

मेहुणा दोरीवरचे कपडे मोजत होता. बायको तुळशीला पाणी घालत होती. तुळशीला सकाळीच पाणी घालून झालेलं होतं.

“ही काय आहे म्हणालात?” मी विचारलं.

“बिजली की. देवाच्या हाराची. बियाची.”

माझ्या हातात झारी होती. ती कुठे गेली ते नक्की आठवत नाही, पण शेजारच्यांनी संध्याकाळी परत आणून दिली. मी मेहुण्याकडे धावलो. तो मोटारसायकलच्या पलीकडे गेला, मी अलीकडे. आम्ही दोघं तिच्याभोवती फिरत होतो.

“दाजी, सांगितलं व्हतं! शेवंतीचं बी नसतं, सांगितलं व्हतं!”

“पुरचुंडी देताना का नाही सांगितलंस?”

“तवा तुम्ही लय खूश व्हता!”

आणि मग सासूबाईंना एकदम उमगलं. “थांब रं. म्हंजी हे खात व्हते ते बिजली व्हती? आणि तुला ठावं व्हतं? म्हणून तू त्या दिशी मुकाट्यानं शेवंती गिळलीस व्हय?” त्या कट्ट्यावर बसून अशा हसल्या की तिळगुळाचा डबा मांडीवरून घरंगळला. बायको हसली. मोटारसायकलच्या पलीकडून तो हसला. मी हसलो नाही. लगेच तरी नाही.

पैज मी हरलो होतो. सासूबाई म्हणाल्या, सोडून द्या, पोरखेळ आहे. मेहुणासुद्धा म्हणाला, राहू द्या दाजी. पण मी शब्द फिरवणारा माणूस नाही. आणि पंगतीत मी काय वाढायचं हे कुठे ठरलं होतं?

दुसऱ्या पेरणीचा पाला अगदी वेळेवर तयार झाला. लग्नाच्या आदल्या दिवशी घरच्या माणसांची दुपारची पंगत होती, सव्वाशे पानं. पहाटे मी आणि बायकोने त्या काळ्या कात्रीने तीन पाट्या शेंडे कापले. दव होतं, बोटं बधिर झाली. मखमलाबादला मांडवामागे कढई चढवली. बायको पीठ कालवायला बसली, मी खांद्यावर पंचा टाकला आणि गरम भज्यांची परात उचलली.

पहिल्या रांगेत माणसं अवघडली. जावई वाढतोय म्हटल्यावर कुणी मान वर करेना. एक चुलत सासरे अर्धे उठलेच. मी त्यांना खांद्याला धरून खाली बसवलं आणि पानात चार भजी टाकली. मग दुसऱ्या रांगेच्या टोकाला बसलेले एक म्हातारे, ज्यांना दिसत कमी, ते गरजले, “ओ वाढपी! हात आखडू नका. ती हिरवी भजी इकडं आणा परत. कशाची हायेत?”

हशा झाला आणि सगळं मोकळं झालं. “वाढपी, इकडं!” “वाढपी, माझ्या पोराला!” मी पळत होतो. परात रिकामी झाली की मांडवामागे, भरली की पुढे. मला वाटलं होतं मान जाईल. सतरा वर्षांचा असताना मी द्वारकेला असाच पळायचो, ओझं घेऊन, आणि तेव्हा मला कुणी हाक मारून परत बोलावत नव्हतं. इथे सव्वाशे माणसं मला हाका मारत होती. तिसऱ्या फेरीला मी घामाने भिजलो होतो आणि माझ्या लक्षात आलं की मी मघापासून हसतोय.

म्हाताऱ्यांनी पुन्हा विचारलं, “आरं पण कशाची हायेत?”

मी पंच्याने तोंड पुसलं, परात खाली ठेवली, सगळी पंगत माझ्याकडे बघतेय हे पाहून घसा खाकरला. आणि मांडवाच्या दुसऱ्या टोकाकडून तो मऊ आवाज आला : “बिजलीची, आबा. बी आपल्याच घरचं. मीच दिलं दाजींना.”

वा वा! काय पोरगं आहे! बहिणीच्या दारी भाजी लावून दिली! सगळ्या माना तिकडे वळल्या. त्याने हात जोडले.

ही खरी फसवणूक. बियाची नव्हे.

त्यानंतर मी दर वर्षी बिजली लावली. दसरा झाला की पहिला वाफा, थंडी वाढली की दुसरा. काही झाडं मुद्दाम फुलू देतो, वाळली की बी धरतो, फुलांच्या पाकळ्या कोशिंबिरीवर टाकतो. दोन हजारनंतर आजूबाजूला बंगले झाले, माझा वाफा एका बाजूने अरुंद झाला, तरी राहिला. देवळाली कॅम्पला राहणारं माझं एक गिऱ्हाईक खास या पाल्यासाठी थंडीत येतं. गल्लीतल्या निम्म्या घरांत माझं बी आहे. आणि माझी स्वतःची मुलं, ज्यांना मी वाढवलं, ती या पदार्थाला काय म्हणतात? मामाची भजी. सगळे नातेवाईक म्हणतात, मामाची भजी. मेहुणा दिवाळीला येतो, सात-आठ खातो, आणि नव्या जावयांना सांगतो की हे बी मी दाजींना कसं दिलं. पेट्यांचा उल्लेख करत नाही.

मी एवढ्यावर गप्प बसलो असतो. पण मागच्या थंडीत शेजारच्या नव्या सूनबाई कुंडी दाखवायला आल्या. कुंडीत आपोआप उगवलेलं काहीतरी होतं, दोन बारकी पानं आणि त्यांच्यामध्ये एक फाटकं पान. माझी बायको पलीकडे ओट्यावर तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली, आणि तेवढ्या लांबून म्हणाली, “बिजली आहे गं. शेवंती अशी येतच नाही, तिचं बी कुणी लावतं का!” आणि परत तांदूळ निवडायला लागली.

मी तिथेच उभा होतो. मला नववा दिवस आठवला. तोंडातला ब्रश आठवला. पदर तोंडाला लावून “छान आलंय हं” म्हणणारी आठवली. फुलवाल्याची पोर, चालता यायला लागल्यापासून वाफ्यात बसलेली, त्या रोपांची विरळणी करत होती, तीन महिने.

सूनबाई गेल्यावर मी विचारलं. तर म्हणाली, “तुम्हीच म्हणाला होतात, शेवटपर्यंत मध्ये बोलायचं नाही. शेवट झाला का?”

तेव्हा मी दोघांनाही विचारतो आहे, लेखी, सगळ्यांसमोर. मेहुण्याने येत्या पंगतीत उभं राहून सांगावं की बी त्याचं असेल, पण ते कशाचं म्हणून दिलं आणि बदल्यात काय नेलं. आणि तिने सांगावं, त्या दिवशी दाराशी तोंड उघडलं होतं ते मला सावध करायला, की भावाला साथ द्यायला? मला उत्तर हवं आहे. त्या पंगतीची कढई उतरायच्या आत हवं आहे.